अठरा किलो कापसाचा गुडघा

आधी मापाचं सांगते, कारण पैसे तिथंच बुडतात. गुडघ्याचा पट्टा मोबाइलवर मागवताना आपण बायका ड्रेससारखा अंदाजानं 'लार्ज' दाबून मोकळ्या होतो. तसं करू नका. शिंप्याकडचा टेप आणा, उभं राहा, गुडघ्याच्या वाटीपासून सहा इंच वर मांडीचा घेर मोजा आणि तो आकडा कंपनीच्या तक्त्यात शोधा. मी हे केलं नाही. लार्ज आला, घातला, निंदायला बसले, उठले तर पट्टा पोटरीवर. सकाळभर एका हातात खुरपं आणि दुसऱ्या हातानं पट्टा वर ओढणं. सासूबाई धुऱ्यावरून ओरडल्या, "काऊन वं, लुगडं सोडून गुडघाच सावरून राह्यली?" तो परत पाठवला. बदलून मीडियम यायला अकरा दिवस गेले, तोवर निंदण संपलं होतं.

वस्तू अशी: निओप्रीन म्हणतात त्या रबरी कापडाची नळी, वाटीच्या जागी गोल भोक, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यात गुडघ्याशी वाकणारी बिजागरी, आणि आवळायला वेल्क्रोचे चार पट्टे, दोन वर, दोन खाली. रंग काळा. दुसरा रंग मिळत नाही, आणि काळ्या मातीत तेच बरं. मी जुलै २०२४ मध्ये घेतला, १,३४९ रुपयांना. आमच्या घरात कुठल्याही वस्तूची किंमत कापसात होते. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे पट्टा पडला अठरा किलोला. घरी आलेल्या व्यापाऱ्यानं जो भाव दिला त्यानं वीस किलो होतात, पण मी सरकारी भावानंच मोजते, मनाला तेवढंच बरं वाटतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाही. ह्या बनावटीचे पट्टे बऱ्याच नावांनी मिळतात, मी लिहिते ते कमीअधिक सगळ्यांना लागू पडावं.

घरपोच वगैरे विसरा. आमच्या गावाचा पिनकोड टाकला की लाल अक्षरं येतात. मग दारव्ह्याच्या नणंदेचा पत्ता द्यायचा, तिनं डबा काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे द्यायचा आणि आपण फाट्यावर उभं राहायचं. ड्रायव्हर भाऊ म्हणाला, "ताई, हलकं हाये, काय हाये यात?" मी म्हटलं, गुडघा. तो पुढच्या स्टॉपपर्यंत हसत गेला असेल.

आता बेचाळिशी ओलांडलेल्या शेतकरीण बाईला हे खेळाडूंचं पट्ट्याचं खूळ कुठून आलं, ते सांगायला मला ऑस्ट्रेलियापर्यंत जावं लागेल.

२००० साली मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात होते. १९१४ पासूनची संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला इथलीच मंडळी कबड्डी दाखवून आली होती. घरून पाठवलं ते शारीरिक शिक्षणाची पदवी झाली की कुठंतरी शाळेत चिकटेल म्हणून. मी उंच, पाच फूट सात इंच, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात सरांनी बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं केलं. आमच्या गावात तोवर रिंग म्हणजे बैलगाडीच्या चाकाची.

त्या सप्टेंबरात सिडनीचं ऑलिंपिक झालं. वाचनालयात फोटो आले की सगळ्या पोरी कर्णम मल्लेश्वरीच्या पानावर तुटून पडायच्या, आणि बरोबरच होतं, ऑलिंपिक पदक आणणारी आपली पहिली बाई ती. मी मात्र दुसऱ्याच एका पानावर अडकले. अंगाला चिकटून बसलेला पोशाख, पंधरा नंबर, सोनेरी केस, सहा फूट पाच इंच उंची, वय एकोणीस. लॉरेन जॅक्सन, ऑस्ट्रेलियाची बास्केटबॉल खेळाडू. अंतिम सामन्यात अमेरिकेनं ऑस्ट्रेलियाला ७६-५४ असं धुतलं होतं, आणि त्या झोंबाझोंबीत अमेरिकेच्या लिसा लेस्लीचं गंगावन हिच्या हातात आलं होतं. हॉस्टेलवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ऑलिंपिकचा अंतिम सामना, गंगावन ओढलं, आणि तरी गळ्यात चांदी!

तिचा जन्म मे १९८१ चा. माझ्या दाखल्यावर १ जून १९८१ आहे, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्या तारखेला अर्धं गाव जन्माला घातलं ती. आईला विचारलं तर म्हणते, मिरग लागला नव्हता एवढंच ध्यानात हाये. म्हणजे मे असूही शकतो. एवढ्या धाग्यावर मी तिला माझी करून टाकली, आणि पुढची पंचवीस वर्षं तिच्या बातम्या कापत, ऐकत, मग फोनवर शोधत राहिले.

ती ऑलबरीची. सिडनी-मेलबर्नसारखं मोठं शहर नाही ते, मरे नदीच्या काठचं, दोन राज्यांच्या सीमेवरचं गाव, नदीपलीकडे वोडोंगा. आईवडील दोघंही ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले. पंधरा हा तिच्या आईचा नंबर. आमच्याकडे आईच्या पाटल्या लेकीकडे येतात, त्यांच्याकडे नंबर आला. सतराव्या वर्षी, १९९८ च्या जागतिक स्पर्धेत, तिच्या संघाला कांस्य मिळालं त्या वर्षी मी गावात दहावीचा गणिताचा पेपर परत देत होते.

त्यानंतरची तिची बारा-चौदा वर्षं नुसती मोजत गेलं तर हात दुखतो. ऑलिंपिकमध्ये लागोपाठ तीन चांदीची पदकं, आणि तिन्ही वेळा समोर अमेरिका: सिडनी, मग २००४ ला अथेन्स ७४-६३, मग २००८ ला बीजिंग ९२-६५. जवळ आले आले वाटावं आणि पुढच्या खेपेला आणखी लांब. शेतात असं दोन वर्षं झालं तर माणूस पीक बदलतो. मधल्या काळात २००६ मध्ये ब्राझीलला जागतिक विजेतेपद मात्र त्यांनी आणलं, अंतिम सामन्यात रशियाला हरवून. अमेरिकेला रशियानं उपांत्य सामन्यातच बाहेर काढलं होतं. तेव्हा आमच्या एका जुन्या सरांनी नाक मुरडलं, की अमेरिका समोर नव्हती म्हणून जमलं. मला हे कधी पटलं नाही. ज्या वर्षी बोंडअळी येत नाही त्या वर्षीचा कापूस काय खोटा असतो?

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकला उद्घाटनाच्या संचलनात ऑस्ट्रेलियाचा झेंडा तिच्या हातात होता. तिथं कांस्य.

पण मला ह्या पदकांपेक्षा तिचं वर्षाचं वेळापत्रक जास्त समजतं. २००१ मध्ये अमेरिकेतल्या बायकांच्या लीगमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सिएटल स्टॉर्म ह्या संघानं तिला सगळ्यांत आधी उचललं. तिथं २००४ आणि २०१० ला विजेतेपद, आणि तीनदा, २००३, २००७ आणि २०१० ला, त्या लीगची सर्वोत्तम खेळाडू. एवढं असून त्या लीगचा पगार तेव्हा बेताचाच. म्हणून उन्हाळा अमेरिकेत खेळायचा आणि हिवाळ्यात पोटासाठी परदेश धरायचा. ती रशियात खेळली, स्पेनमध्ये खेळली, कोरिया आणि चीनमध्येही खेळली. वर देशाचा संघ. आमच्याकडची जोडपी सोयाबीन आटोपलं की बोऱ्याबिस्तर बांधून कुठं कुठं जातात ना, तसंच ते, फक्त विमानानं. अंगाला विसावा नाही. मग नडगी, घोटा, पाठ, कंबरेचा सांधा, सगळ्यांनी एकेक करून बोलायला सुरुवात केली, आणि २०१४ च्या जानेवारीत कॅनबेराकडून खेळताना उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. मार्च २०१६ मध्ये, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, तिनं निवृत्ती जाहीर केली. वय चौतीस.

माझा गुडघा बारा वर्षं आधीच गेला होता. २००२, कॉलेजांमधला सामना, रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू धरायला, उडाले आणि खाली आले ते दुसरीच्या बुटावर. डावा गुडघा आत वळला. टक् असा आवाज आला, सुकी तुराटी मोडावी तसा. तेव्हा एमआरआय हा शब्दही ऐकला नव्हता. हळद-तुरटीचा लेप, हाडवैद्याची पट्टी, महिनाभर खाट. पुढं चालता यायला लागलं, म्हणजे झालं बरं, असा हिशोब. पदवी हाती आली. नोकरीसाठी एका संस्थेत गेले तर त्यांनी मागितलेला आकडा बाबांच्या तीन एकरांच्या वर जात होता. २००४ मध्ये लग्न झालं, आणि बास्केटबॉल संपला.

ऑक्टोबर २०२२ पर्यंत संपलेलाच होता. एका रात्री हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या गटात एकीनं व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, तुझी बाई परत आली बघ. मला वाटलं जुना काहीतरी असेल. नव्हता. २०२२ मध्ये ती आधी आपल्याच गावच्या संघातून, ऑलबरी वोडोंगा बँडिट्समधून, परत उतरली होती. म्हणजे आधी तिचं नाव हॉल ऑफ फेममध्ये, बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, लागलं, गावच्या स्टेडियमला तिचं नाव आहेच, आणि त्याच स्टेडियमवर ही बाई दोन मुलांना घेऊन सरावाला जाते! मग सिडनीला जागतिक स्पर्धा, आणि १ ऑक्टोबरला कांस्यपदकाच्या सामन्यात कॅनडाविरुद्ध ९५-६५. त्यातले तीस गुण एकटीचे. वय एक्केचाळीस. माझंही एक्केचाळीस. मी तो व्हिडिओ चुलीपुढं बसून चार वेळा पाहिला आणि भाकर करपली.

दुसऱ्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेमागं गेले. तिथं कुठल्याशा निधीतून उभी केलेली एक रिंग आहे, जाळी नाही, फळी एका कोपऱ्यात फुगलेली. चेंडू सातवीतल्या एका पोरीकडून मागून घेतला. पहिले नऊ फेकले ते सगळे गेले शाळेच्या भिंतीवर. दहावा पडला. मग रोज संध्याकाळी गेले, पोरी जमायला लागल्या, आणि दीड वर्षात गुडघ्याचा पपई झाला.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पाय असा पकडून पुढं ओढला आणि म्हणाले, हा तर वीस वर्षांपूर्वीच सुटलाय, तुम्ही इतके दिवस कशावर चालत होतात? मी म्हटलं, डवऱ्यामागं. त्यांनीच बिजागरीवाला पट्टा सांगितला. सोबत दम दिला: पट्टा घालून मांडी बारीक झाली तर पट्टा माझ्याकडे जमा करायचा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं, हे रोज दोन वेळा. पहिल्या दिवशी डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक होती. मी ते भिंतीवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, खडूनं लिहून ठेवलं.

आता पट्ट्याचं, हंगामाप्रमाणं.

पावसाळ्यात हा पट्टा पाणी पितो. ओला झाला की दोन दिवस वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी ओल्या ढोराचा वास मारतो. काळी माती बिजागरीत शिरते आणि वाळली की बिजागरी करकरते. मी जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढते आणि थेंबभर शिलाई मशीनचं तेल सोडते. बसून निंदायला हा पट्टा बिनकामाचा. उकिडवं बसलं की मागची शिवण गुडघ्यामागच्या लवणीत रुतते, अर्ध्या तासात वळ उठतो. ज्यानं हा बनवला त्यानं माणूस खुर्चीवर बसतो, उभा राहतो, पळतो, एवढंच धरलेलं दिसतं. जमिनीवर बसून काम करणारी बाई त्याच्या डोळ्यांपुढं आलेलीच नाही. मी निंदताना पट्टा काढून झाडाला टांगते आणि लहान पाट घेऊन बसते.

वेचणीला मात्र हा पैसे वसूल करतो. कापूस वेचताना आपण उभ्यानं, वाकून, ओळीतून बाजूबाजूनं सरकतो, ओटीत वजन वाढत जातं, पाय ढेकळावर पडतो आणि गुडघा आत वळायला बघतो. तिथं बाजूच्या पट्ट्या धरून ठेवतात. आधी दुपारी दोनला मी धुऱ्यावर बसून जायची, गेल्या हंगामात सूर्य बुडेपर्यंत उभी होते. पण वेल्क्रो! त्याची काट्याची बाजू म्हणजे कापूस वेचायचं यंत्रच. जे बोंडातून माझ्या हातानं सुटतं ते पट्टा वेचून घेतो. वर कुसळं. दिवाळीपर्यंत वेल्क्रो पांढराफेक झाला आणि धरेना. उवांची बारीक फणी घेऊन रात्री बसायचं आणि विंचरायचं. सासूबाईंनी हे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरीच्या डोक्यातून गेल्या, आता गुडघ्यात झाल्या वाटते."

साडीखाली हा घालायचा विचार असेल तर सोडून द्या. बिजागरीनं माझे दोन परकर फाडले. मी शेवटी मुलाची ट्रॅक पँट चढवली, वर यांचा फुल बाह्यांचा शर्ट, जो वेचणीला आम्ही सगळ्याच घालतो. पहिले चार दिवस लोकांनी पाहिलं, पाचव्या दिवशी कोणाच्या लक्षातही नव्हतं.

उन्हाळ्यात, आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा, हा कातडीवर घालणं म्हणजे शिक्षा. घामोळ्या येतात, मग त्या चिघळतात. जुन्या सुती लेगिंगचा पाय कापून आधी तो घाला आणि वर पट्टा. तेवढ्यानं बराच फरक पडतो. आणि दोन तासांच्या वर ठेवू नका, हे डॉक्टरांचं. झोपताना तर नाहीच.

मैदानावर? तिथं मला तक्रार नाही. बाजूला सरकताना, अचानक थांबून वळताना गुडघा हाती राहतो. उडी मारून खाली येताना पूर्वी मी श्वास रोखायची, आता नाही रोखत. हे किती पट्ट्याचं आणि किती मांडीचं, मला वेगळं करून सांगता येणार नाही. भिंतीवरचा दोन सेंटिमीटरचा आकडा आता अर्ध्यावर आलाय, आणि तो काही पट्ट्यानं आणला नाही.

पट्टा आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ११ ऑगस्ट २०२४, रविवार. पॅरिसला ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियमचा कांस्यपदकाचा सामना आपल्याकडच्या दुपारी तीनला होता. २०२२ मध्ये निरोप घेतलेली जॅक्सन पुन्हा संघात, त्रेचाळिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकला. बाहेर झड लागलेली. शाळेच्या ओसरीवर रेंज येते म्हणून आम्ही आठजणी एका मोबाइलपुढं, मी पाय लांब करून, पट्टा सोडून. चित्र थांबायचं, गोल फिरायचं, पुन्हा सुरू झालं की गुण पुढं गेलेले. ८५-८१, ऑस्ट्रेलिया. त्या अख्ख्या स्पर्धेत ती मैदानावर थोडी आणि बाकावर जास्त होती. एक पोरगी म्हणाली, "काकू, ते तं बसूनच असते, मंग तिले मेडल कायले?" मी तिला सिडनीचं सांगितलं, चोवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या पदकाचं. तिनं हिशोब केला आणि म्हणाली, माझी आईच तेव्हा चौथीत होती.

संध्याकाळी सातला अमेरिका आणि फ्रान्सचा अंतिम सामना. ६७-६६. शेवटच्या क्षणी फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सनं टाकलेला चेंडू आत गेला, पण तिचा पाय तीनाच्या रेषेवर होता, म्हणून दोनच गुण. तीन मिळाले असते तर जादा वेळ. मी पोरींना रेषेवर पाय देऊ नका म्हणून वर्षभर ओरडत होते, दोरीनं पावणेसात मीटर मोजून चुना टाकला होता, एकीनंही मनावर घेतलं नव्हतं. त्या रात्रीनंतर सगळ्या रेषेच्या चार बोटं मागूनच टाकतात. अमेरिकेच्या बाकावर डायना टॉरासी होती, बेचाळीस वर्षांची, त्या सामन्यात उतरलीच नाही आणि तिचं ते सहावं ऑलिंपिक सुवर्ण. माझं मन काही तिच्यावर बसलं नाही कधी, पण गुडघे तिचेही मोजावेत.

आपल्या बायकांचा बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला अजून गेलेला नाही. २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया कपच्या ब विभागात कझाकस्तानला ७५-७३ हरवून ते वर चढले, तेव्हा त्या संघात बाळंतपणानंतर परत आलेली अनिता पॉलदुराई होती. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. पोरींना तिचा फोटो दाखवला तर पहिला प्रश्न, हिच्या गुडघ्याले पट्टा हाये का? फोटोत दिसत नव्हता.

जॅक्सननं दुखण्यावर डॉक्टरी देखरेखीखाली गांजापासून केलेलं औषध घेतलं आणि ते उघड सांगितलं, हेही मी एकदा यांना वाचून दाखवलं. यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग मठात एवढे जण बसतात, त्याईच्यातला एक तरी उडी मारून राह्यला का?" मी पुढं वाचलं नाही.

तर पाचपैकी तीन तारे. वेचणी करणाऱ्या, चालणाऱ्या, खेळणाऱ्या बाईनं घ्यावा. फक्त निंदणासाठी घेत असाल तर अठरा किलो कापूस वाचवा. ज्यांना नुसती सूज आहे, गुडघा सटकत नाही, त्यांना औषधाच्या दुकानातली दोनशे-अडीचशेची साधी नी कॅप पुरते, मीही ती वर्षभर वापरली होती. आणि आधी डॉक्टरला दाखवा, कारण बायांनो, मी वीस वर्षं नाही दाखवला.

चवदा महिन्यांत वेल्क्रोचा वरून दुसरा पट्टा पार गेला. बिजागरी शाबूत, कापड शाबूत, फक्त तो एक पट्टा. दारव्ह्याच्या चांभारकाकांनी बॅगेचा वेल्क्रो काढून शिवून दिला, तीस रुपये घेतले, दहा दिवस टिकला. कंपनी म्हणते सुटा पट्टा मिळत नाही, नवीन घ्या. ह्या वर्षीची वेचणी तोंडावर आहे. दोन इंच रुंदीचा, जाड काट्याचा वेल्क्रो मीटरवर कुठं मिळतो हे कोणाला ठाऊक असेल तर कळवा. दारव्हा, दिग्रस आणि यवतमाळ फिरून झालंय.